कीर्दीची किल्ली

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा आग्रह झाला, तेव्हा माझ्याकडून शाळेच्या वाटचालीचा इतिहास अपेक्षित असावा. मी इतिहासाचा शिक्षक आहे खरा. परंतु गेली कित्येक वर्षे शेवटची घंटा झाल्यावर मी कार्यालयात बसतो तो संस्थेचा जमाखर्च लिहिण्यासाठी. जुने लेखनिक निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही आणि ‘सर, तुम्हांला जुनी दप्तरे वाचता येतात’ एवढ्याच पात्रतेवर हे काम माझ्याकडे आले. काही सहकाऱ्यांना ते कमीपणाचे वाटले. मला तसे वाटले नाही. बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी सादर केलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर आणि अर्थव्यवहारावर होता. हिशेबाच्या आकड्यांतून सत्ता वाचता येते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला निराळे सांगावे लागत नाही.

लेखनिकांच्या काळात लाल कापडी बांधणीची कीर्द होती. पुढे संगणक आला आणि त्यावर टॅली आली. गोएंका पिता-पुत्रांनी १९८६ साली सुरू केलेल्या उद्योगातून घडलेले हे सॉफ्टवेअर मी चाळिशी ओलांडल्यावर शिकलो आणि त्याच्या प्रेमात पडलो, हे कबूल केले पाहिजे. एफ-५ दाबले की खर्चाचे व्हाउचर, एफ-६ दाबले की जमेचे. माउसला हात लावण्याचे कारण नाही. इंटरनेटची गरज नाही. कोठीतल्या तांदळाची नोंद केली की खतावणी, तेरीज, ताळेबंद सारे आपोआप जुळून येते. सगळा संसार त्या एका संगणकात. गैरसोय होती तीही नेमकी हीच.

२०१७ च्या मार्चमध्ये, लेखापरीक्षणाच्या तोंडावर, त्या संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली. बॅकअप पेनड्राइव्हवर होता, पण शेवटचा बॅकअप नोव्हेंबरचा. दोष यंत्राचा नव्हता, सॉफ्टवेअरचाही नव्हता. तो माझा होता. पावतीपुस्तकांची स्थळप्रत आणि व्हाउचरच्या फायली शाबूत होत्या, म्हणून चार महिन्यांच्या नोंदी मी रात्री जागून पुन्हा भरल्या. त्या जागरणांचे मला काही वाटत नाही. सलते ते निराळेच.

त्याच दिवसांत एक आजी आल्या. रोजंदारीने शेतात राबणाऱ्या. नवऱ्याच्या स्मृतिप्रीत्यर्थ मुलींच्या अंथरुणांसाठी त्यांनी २,१०० रुपये दिले होते. पावती पदराच्या गाठीत होती. त्यांना पावतीबद्दल शंका नव्हती. त्यांना वहीत आपल्या धन्याचे नाव पाहायचे होते. मी म्हणालो, “आजी, यंत्र बंद आहे.” त्या म्हणाल्या, “वही असती तर दावली असती न्हवं, गुरुजी?” आणि निघून गेल्या.

त्या रात्री मला सुपे आठवले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्यात शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. त्या मागून घेऊन जाळल्या गेल्या. ज्या वहीत आपले आयुष्य लिहिले आहे ती दुसऱ्याच्या पेटीत, आणि ती उघडून पाहण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे दुखणे होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने इतर तरतुदींबरोबर शेतकऱ्याला दिलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. हा धडा मी नववीला अनेकदा शिकवला होता. आणि माझीच वही एका पेटीत कुलूपबंद होती.

म्हणून पुढे हिशेब इंटरनेटवर नेण्याचा प्रस्ताव मी विश्वस्तांपुढे ठेवला. खजिनदार मुंबईला, लेखापरीक्षक जिल्ह्याच्या गावी, मी येथे. तिघांनाही तीच कीर्द त्याच क्षणी दिसावी. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, “आपला हिशेब परक्याच्या घरी का ठेवायचा?” प्रश्न रास्त होता, त्याचे पुरे उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हते. तरी प्रस्ताव मंजूर झाला.

नव्या पद्धतीतला पहिला धक्का मलाच बसला. तेलाचे बिल १३,४०० रुपयांचे. मी लिहिले १४,३००. (फरकाला नऊने भाग गेला की अंकांची अदलाबदल झाली आहे का ते आधी पाहावे, ही लेखनिकांची शिकवण.) रात्री चूक सापडली, दुरुस्त केली. सकाळी खजिनदारांचा फोन : “सर, काल रात्री पावणेअकराला ती रक्कम का बदलली?” मला अपमान वाटला. आपल्या जुन्या टॅलीत मी ऑल्ट-डी दाबून अख्खे व्हाउचर पुसले असते तरी कुणाला कळले नसते, कारण बदलांचा माग ठेवणारी सोय आम्ही कधी सुरूच केली नव्हती. दिवसभर मी रागात होतो. संध्याकाळी वाटले, लोकवर्गणीच्या पैशाला हात लावणाऱ्याला असा फोन यायलाच हवा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असा न पुसता येणारा माग ठेवणारेच सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले आहे. टॅलीतही आता ती सोय आहे, तेव्हा याचे सारे श्रेय इंटरनेटला देता येणार नाही.

त्या ज्येष्ठ विश्वस्तांचा प्रश्न मात्र जूनमध्ये परत आला. वार्षिक वर्गणी भरायची राहिली. दोन सह्यांपैकी एक सही करणारे परगावी होते. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात हिशेब दिसत होता, पण नवी नोंद घेईना. आपलीच कीर्द, आणि भाडे थकले म्हणून लेखणी जप्त! त्यात पावसाळ्यात आमच्याकडे नेटवर्कसाठी गच्ची गाठावी लागते. शिवाय २०२२ च्या प्राप्तिकर नियमाने आपल्यासारख्या न्यासांना हिशेबाची पुस्तके दहा वर्षे जपायला सांगितली आहेत. एखाद्या सेवेचे भाडे दहा वर्षे न चुकता भरले जाईल, अशी हमी कोण देणार? स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारे, मुंबईत घडलेले ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. पण तो सर्व्हर सांभाळणारा माणूस आपल्याकडे नाही.

तेव्हापासून महिनाअखेरीस सगळ्या नोंदी उतरवून दोन डिस्कवर घेतो; एक येथे, एक खजिनदारांच्या घरी. आणि कीर्द छापून तीच लाल कापडी बांधणी करून बाहेरच्या टेबलावर ठेवतो. पावती असो वा नसो, कुणीही ती उघडावी.

आजींना निरोप धाडला होता. त्या आल्या. दहावीतल्या एका मुलीने त्यांच्या धन्याचे नाव आणि २,१०० चा आकडा वाचून दाखवला. आजींनी त्या ओळीवरून बोट फिरवले आणि विचारले, “अंथरुणं केवढ्याला पडली?”

बिल २,३४० रुपयांचे होते.

“मग वरचे कुणी दिले?”

ते पान शोधायला मला जरा वेळ लागला.