आतकूरची शिळा

बंगळूरच्या शिवाजीनगरात बिऱ्हाड थाटलेल्या मराठी माणसाला पहिला उपद्रव होतो तो पत्त्याचा. शिवाजीनगर म्हटले की देशावरच्या आप्तेष्टांच्या डोळ्यांपुढे पुणेच उभे राहते. येथे मात्र ते नाव जुन्या इंग्रजी छावणीच्या एका गजबजलेल्या भागाला मिळालेले आहे. ब्लॅकपल्ली हे त्याचे पूर्वीचे नाव. रसेल मार्केटातील फळांचे ढीग, सेंट मेरीच्या चर्चचे उंच शिखर, मशिदींतील बांग, आणि रस्त्यावर तमिळ, दखनी व कन्नड यांचा अखंड कलकलाट! मराठी कानी पडते ती आपल्याच उंबरठ्याच्या आत. शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास ही नगरी जहागीर मिळाली, बाल शिवाजी काही काळ येथे राहिले, जयराम पिंड्ये यांनी शहाजीराजांवर 'राधामाधवविलासचंपू' रचला, हे सारे आपण बदलीचा हुकूम हाती पडताच हिरिरीने वाचून काढतो. परक्या गावात पाऊल टाकताना काहीतरी नाते सांगता आले पाहिजे ना!

काही वर्षांपूर्वी माझे वडील, अण्णा, अनंतचतुर्दशी आटोपल्यावर आमच्याकडे आले. आईला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. पैठणच्या शाळेत पस्तीस वर्षे इतिहास शिकविलेला हा गृहस्थ. गोदाकाठ सोडून तो कोठे फारसा राहिलेला नव्हता. त्यांनी आता आमच्याजवळच राहावे अशी आम्हां उभयतांची इच्छा होती. "मामंजी, तिकडे आता कोण आहे?" असे सौभाग्यवतीने एकदा हळूच विचारलेही. अण्णा म्हणाले, "आणि इकडे कोण आहे गं माझ्या ओळखीचं?" नातवाकडे पाहून ते हसले खरे, पण तो प्रश्न थट्टेचा नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळपासूनच पाऊस लागला. सप्टेंबरातला येथला पाऊस बहुधा सायंकाळी येऊन आपले काम उरकून जातो. त्या दिवशी मात्र भुरभुर थांबेना. अण्णांना घरात कोंडून ठेवण्यापेक्षा संग्रहालये बरी, असा विचार करून आम्ही तिघे, म्हणजे अण्णा, माझा आठ वर्षांचा मुलगा आणि मी, रिक्षाने कस्तुरबा रोडवर आलो. कब्बन पार्कची झाडे पावसात काळीभोर दिसत होती आणि तिच्या कडेला शासकीय संग्रहालयाची ती तांबडी, खांबांची इमारत भिजत उभी होती. संग्रहालय १८६५ सालचे. या वास्तूत ते १८७७ पासून आहे.

आत हळेबीडची होयसळ शिल्पे आहेत. त्या दागिन्यांनी मढलेल्या मूर्तींपुढे अण्णा बराच वेळ रेंगाळले. पण ज्या शिळेसाठी मी त्यांना मुद्दाम आणले होते ती आतकूरची. कचेरीतील एका कन्नड सहकाऱ्याने तिची हकीकत मला आधीच सांगून ठेवली होती. शिळेवर एक कुत्रा रानडुकराशी झुंजतो आहे, आणि भोवती जुन्या कन्नडातील लेख.

लेख इ. स. ९४९-५० चा. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग यांनी तक्कोलमच्या रणात चोळ युवराज राजादित्याला मारले. त्या युद्धात पराक्रम गाजविलेल्या मनलेर नावाच्या सेवकाला "हवे ते माग" असा वर मिळाला. त्याने मागावे काय? गाव नाही, सोने नाही; राजाचे 'काळी' नावाचे श्वान! पुढे ते एका प्रचंड रानडुकरावर सोडले, आणि दोघेही एकमेकांना मारून मेले. मनलेराने कुत्र्याचे स्मारक म्हणून देवळासमोर ही शिळा उभारली, तिच्या पूजेसाठी जमीन नेमून दिली, आणि पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्याला पाप लागेल असेही कोरून ठेवले.

"तिसरा कृष्ण!" अण्णा उद्गारले. दरवर्षी मुलांना वेरूळला नेऊन, कैलास लेणे पहिल्या कृष्णाने कोरविले असे ते सांगत आले होते. राष्ट्रकूट म्हणजे महाराष्ट्राचे वैभव, हा त्यांचा ठरलेला धडा. आता त्याच घराण्याच्या सम्राटाचे नाव त्यांना वाचता न येणाऱ्या लिपीत समोर उभे होते.

"आजोबा, हा कुत्रा आपला की त्यांचा?" चिरंजीवांनी विचारले.

शाळामास्तरला प्रश्न विचारून उत्तर मिळाले नाही असे आमच्या घरात सहसा घडत नसे. अण्णा चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मनलेराचा, बाळ."

राष्ट्रकूट नृपतुंगाच्या दरबारातील 'कविराजमार्ग' या ग्रंथात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे, हेही मी तेव्हा त्यांना सांगितले. "म्हणजे माझं घर नेमकं शिवेवर आलं की!" ते म्हणाले, आणि आई गेल्यापासून प्रथमच मोठ्याने हसले. सीमावादाचे कागद आयुष्यभर वाचलेल्या आमच्यासारख्यांना असे मनमोकळे हसता येत नाही.

शेजारच्या वेंकटप्पा कलादालनातून आम्ही लगबगीने फिरलो. मुलाला पुढच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयातील यंत्रांची आणि राइट बंधूंच्या विमानाच्या प्रतिकृतीची ओढ लागली होती. तेथे अण्णांची ओळख पुन्हा निघाली. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली बसविलेले आपोआप उघडणारे दरवाजे याच विश्वेश्वरय्यांचे. मुद्देनहळ्ळीचा हा मुलगा पुण्यात अभियांत्रिकी शिकला, १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला आणि नाशिक, धुळे, पुणे अशी वीसांहून अधिक वर्षे आपल्या मुलखात चाकरी करीत राहिला. "म्हणजे हेही तुझ्यासारखेच बदलीवाले," अण्णा म्हणाले. तुलना मला झेपणारी नव्हती, तरी ती ऐकून बरे वाटले, हे नाकारीत नाही.

बाहेर पाऊस तसाच होता. रिक्षा मिळेपर्यंत आम्ही एका छत्रीखाली तिघे उभे राहिलो. चिरंजीव काळीची गोष्ट पुन्हा सांगा म्हणून हट्ट धरून होते, आणि अण्णा ती दुसऱ्यांदा सांगताना रानडुकराला पहिल्यापेक्षा बरेच मोठे करीत होते.

राहण्याविषयी त्या रात्री ते काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून परतीचे तिकीट काढून माझ्या हाती दिले आणि ते पंधरा दिवस पुढे ढकलता येईल का, असे विचारले. हळेबीड येथून किती लांब आहे, हेही विचारले.