तडा त्या रात्रीचा नव्हता

साखर कारखान्याच्या केन कॅरिअरचा शाफ्ट ऐन हंगामात तुटला आणि गोणपाटात गुंडाळून चिंचवडला आमच्या लॅबमध्ये आला. सोबतच्या साहेबांचं मत ठरलेलं होतं: रात्रपाळीच्या ऑपरेटरने ओव्हरलोड केला. त्याला मेमोही देऊन झाला होता. बोलता बोलता त्यांनी दोन्ही तुकडे एकमेकांवर बसवायला घेतले, ते मी आधी थांबवलं. तोंडं घासली की वाचायचं तेच पुसलं जातं. वायर ब्रश तर अजिबात नको.

लॅम्प आडवा धरून भिंगातून पाहिलं. तिरप्या उजेडात कीवेच्या, म्हणजे चावी बसवायच्या खाचेच्या, कोपऱ्यातून निघून आत पसरत गेलेल्या कमानी दिसल्या, ओहोटीचं पाणी वाळूवर रेषा सोडतं तशा. तडा थांबला, लोड बदलला, मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, की अशी कमान उमटते. कोपऱ्याजवळचा भाग घासून गुळगुळीत आणि काळपट झालेला, म्हणजे तिथला तडा जुना. पार पलीकडच्या काठाला तेवढा खरखरीत, ताजा पट्टा. त्या रात्री तुटलं ते एवढंच. हा पट्टा छोटा होता, आणि सगळं उत्तर त्यातच होतं. शाफ्टचा बहुतेक भाग तड्याने कापला गेल्यावरही तो काम करत होता, म्हणजे लोड बेताचाच होता. एका दणक्यात तुटला असता तर या कमानी उमटल्याच नसत्या.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या पट्ट्यात बारीक खळगे दिसले; स्टील ताणलं जाऊन मग सुटलं होतं, ठिसूळ नव्हतं. केमिस्ट्री, हार्डनेस ड्रॉइंगप्रमाणेच. कीवेच्या तळाचा कोपरा मात्र काटकोनात कापलेला, रेडियस नाहीच. ताण नेमका तिथे एकवटतो. रेल्वेचे तुटलेले आस तपासून विल्यम रँकिनने १८४३ मध्येच कोपऱ्यांना गोलाई द्या म्हणून सांगितलं होतं. अजूनही ते राहून जातं आणि बोट माणसाकडे जातं, याचा मला खरोखर राग येतो.

मेमो मागे घ्या, असं लॅबच्या रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही. तडा त्या पाळीच्या कितीतरी आधीचा आहे, हे मात्र फोटोसकट पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. दुसऱ्या कॅरिअरचा शाफ्ट त्याच वर्कशॉपमधून आलेला होता. तो उघडून डाय पेनिट्रंट मारायला लावलं, तर पांढऱ्या डेव्हलपरवर कीवेच्या कोपऱ्यातून लाल रेघ उठली. तो शाफ्ट लगेच बदलला, आणि नव्याच्या ड्रॉइंगवर मी रेडियस लिहून घेतला.