चौविहार आणि गोळी

चातुर्मास लागला की आमच्या वास्कोत बायकांचा एक प्रश्न हमखास येतो: "दिवसातून तीनदा घ्यायची गोळी सूर्यास्ताआधी बसवायची कशी?" कुणी शेवटच्या दोन एकदम गिळते, कुणी रात्रीची सोडूनच देते.

पणजीला फार्मसी शिकणारी माझी भाची म्हणते, "मावशी, औषधालाही आयुष्य असतं गं." रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे त्याचं अर्धायुष्य. अमॉक्सिसिलिनचं जेमतेम तासाभराचं, म्हणून ते बहुधा दर 8 तासांनी देतात. अ‍ॅझिथ्रोमायसिनचं सुमारे 68 तास, म्हणून ते दिवसातून एकदाच पुरतं. तीन वेळांचं औषध सूर्यास्ताआधीच संपवलं, तर रात्रभर रक्तात पुरेसं उरत नाही आणि जंतूंना मोकळं रान मिळतं.

नियम मोडा असं मी म्हणत नाही. पण आपण चौविहार करतो हे डॉक्टरांना सांगायला संकोच कसला? चालण्यासारखं असेल तर ते एकदाच घ्यायचं औषध लिहून देतील. आपल्या मनानं मात्र बदलू नये. तसं औषध नसेलच, तर बरं वाटेपर्यंत महाराजांकडून रात्रीच्या गोळीपुरती सूट मागून घ्यावी. शरीर सावरलं की व्रत पुन्हा नीट होतंच.