गलाईवाल्यांचा मुलूख

खरसुंडीच्या सिद्धनाथाची चैत्री यात्रा जवळ आली, की खानापूर-आटपाडीच्या रस्त्यांवर केरळ, तमिळनाडू, बंगाल, उत्तर प्रदेश पासिंगच्या गाड्या दिसू लागतात. गाडीतून उतरणारा माणूस इथलाच असतो. पारावरच्या म्हाताऱ्यांना रामराम घालेपर्यंत त्याची माणदेशी बोली जिभेवर आलेली असते. मागून उतरलेली त्याची पोरं मात्र खिडकीच्या जागेवरून मल्याळममध्ये भांडत असतात आणि आजी कौतुकानं सुनेला विचारते, "काय म्हंत्यात गं ही?"

ही गलाईवाल्यांची घरं. जुनं सोनं आटवून, गाळून शुद्ध करायचं, ही गलाई. भारतातल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफकट्ट्यात जा, मागच्या गल्लीत विटा, खानापूर, आटपाडीकडचा कुणीतरी भेटण्याची शक्यता दांडगी आहे.

सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेला कृष्णाकाठ आहे, तिथं ऊस डोलतो. पूर्वेकडे पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या मर्जीनं. शाळू, बाजरी, मेंढरं आणि खिलार जनावरं यांवर किती घरं तगणार? व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त दुष्काळापायी अख्खं गाव उठून जातं, ते याच माणदेशातलं. माझे धाकटे चुलते 1972च्या दुष्काळानंतर गेले. आधी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मग गावातल्याच एकाचा हात धरून थेट बनारस गाठलं. कोवळ्या वयात गेलेली अशी पोरं दुकानातच झोपायची, भाता मारायची, मालकाचा स्वयंपाक करायची आणि बघून बघून हुन्नर शिकायची. एक स्थिरावला की भाऊ, मेव्हणा, भाचा यांना बोलावून घ्यायचा. म्हणून इकडच्या एकेका गावाची तिकडच्या एकेका शहराशी सोयरीक जुळलेली दिसते.

बनारसच्या चौकाजवळच्या अरुंद गल्लीतलं चुलत्यांचं दुकान मी पाहिलं आहे. दाराशी चपला, भिंतीवर सिद्धनाथाची तसबीर, कोपऱ्यात भट्टी. जुन्या दागिन्यात सोन्याबरोबर तांबं, चांदी असे धातू असतात. तो आटवताना चुलते त्यात आणखी चांदी घालत. सोनं चौथा हिस्सा राहील इतकी. शुद्ध करायचं तर त्यात आणखी चांदी कशाला, असं मला वाटलं होतं. पण सोन्याचा अंश जास्त असला की तेजाब आतपर्यंत पोचत नाही. तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करायचे आणि तेजाबात उकळायचे. तांबडा-तपकिरी धूर उठतो, डोळे चुरचुरतात, घशाला ओरखडे पडल्यासारखं होतं. चांदी आणि तांबं विरघळून जातं. तळाशी उरते मातकट भुकटी. हेच सोनं, हे सांगितल्याशिवाय कुणाला पटणार नाही. ती धुवायची, मुशीत टाकणखार घालून पुन्हा आटवायची, की पिवळा रंग परततो. उरलेल्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदी खाली बसते. तीही वाया जात नाही.

त्या धुरानं चुलत्यांचा खोकला जन्माचा झाला. गावात बंगला उठला, देवळाला वर्गणी गेली, बहिणींची लग्नं झाली. त्या प्रत्येक गोष्टीत हा खोकला आहे, हे मला कधी विसरता येत नाही. शहरांनी आता गॅसच्या भट्ट्या आणि धूर ओढणारे पंखे पाहिले. आधीच्या पिढीनं दार उघडं ठेवून भागवलं.

मला सगळ्यात थोर वाटतो तो विश्वास. परमुलखातला सराफ शंभर तोळे माल एका मराठी माणसाच्या हाती ठेवतो, बऱ्याचदा शब्दावर, आणि संध्याकाळी टंच तपासून परत घेतो. ना जातीचा, ना भाषेचा, ना गावचा. रतीभर जरी कमी आलं तर गावाहून आलेल्या सगळ्यांची पत जाते, हे इथल्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात. पन्नास वर्षं ही पत राखणं ही मोठी संस्कृती आहे, आणि तिची नोंद कुठल्या संमेलनात होताना मी पाहिलेली नाही.

बनारसला मराठी माणूस नवा नव्हताच. पैठणचं भट्ट घराणं सोळाव्या शतकात काशीला जाऊन स्थिरावलं. त्याच घराण्यातले गागाभट्ट 1674मध्ये शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. विद्येच्या वाटेनं गेलेलं घराणं आणि पोटाच्या वाटेनं गेलेलं आमचं, मला एकाच माळेतले मणी वाटतात. काकूंनी मात्र तिथं जे केलं ते कुठल्या बखरीत बसणार नाही. गावाहून पोत्यानं आलेला शाळू जात्यावर दळून त्यांनी तिथल्या शेजारणींना भाकरी थापायला शिकवली आणि स्वतः छठच्या दिवसांत त्यांच्याबरोबर घाटावर उभ्या राहिल्या.

आणि उलटी वाट? मुंबईच्या झवेरी बाजारात जाळीकाम करणारे बहुतेक हात बंगालचे आहेत. मेदिनीपूर, हुगळीकडची पोरं एका खोलीत दहा-बारा जण राहतात, तिथंच घडवतात, तिथंच निजतात. आमचा माणूस कोलकात्यात सोनं गाळतो, त्यांचा मुंबईत ते घडवतो. बाहेरच्यांनी येऊ नये, अशी भाषा आपल्याकडे कुणी काढली की मला खानापूरची दारं दिसतात. ती सगळी बाहेर जाऊनच उघडी राहिली आहेत.

टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी आता वर चढवून आणलं आहे. जिथं कुसळं होती तिथं द्राक्षं आणि डाळिंबं आली. तरी पोरं गलाईला जायची थांबलेली नाहीत, आणि बागांत कामाला माणसं कमी पडतात. मागल्या छाटणीला आमच्या शेजारच्या बागेत बिहारकडची टोळी उतरली. मुकादमाची हिंदी त्यांना उमगत नव्हती, त्यांचं बोलणं मुकादमाला. आता गावी परतलेले चुलते काठी टेकत गेले आणि सरळ भोजपुरीत विचारलं, घर कुठल्या जिल्ह्यात, जेवलात का. पोरं चमकून उभीच राहिली. संध्याकाळपर्यंत चुलत्यांनी आमच्या वस्तीवरची कांद्याची खोली रिकामी करून दिली, बल्ब लावून घेतला, आणि काकूंना म्हणाले, "यांना भाकरी नको, भात टाक. भाकरीची सवय लागायला मला सहा महिने कुणी दिले होते, यांनाही देऊ." काकूंनी हसून दुरुस्त केलं, "भाकरीची नव्हं, लिट्टीची."