खणून काढलेला उजेड

लाकडी ठसा कोरणारा माणूस काळोखाला हात लावत नाही. बॉक्सवूडच्या बुंध्याचा आडवा काप घासून अगदी गुळगुळीत केलेला असतो. त्यावर शाईचा रूळ फिरवून कागद दाबला तर छाप सगळी काळीच उमटेल. कोरणीच्या टोकाने जिथे चर पडतो तिथे शाई लागत नाही, आणि कागदावर तेवढाच उजेड उतरतो. उजेड मिळवायचा तो खणून. भुयारी रेल्वेच्या फलाटांशी या कलेचं इतकं जमतं ते त्यामुळेच, असं मला नेहमी वाटतं.

जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्ये जानेवारी १८६३ मध्ये पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डन स्ट्रीटपर्यंत धावू लागली. (आपली बोरीबंदर-ठाणे गाडी तिच्याहून दहा वर्षांनी थोरली.) जमिनीखाली वाफेची इंजिनं, डब्यांत गॅसचे दिवे. गुस्ताव्ह दोरे या फ्रेंच चित्रकाराने लंडनवरच्या १८७२ सालच्या पुस्तकात या रेल्वेचा एक फलाट दाखवला आहे. गाडी कामगारांची. वर कमानदार छत, खाली टोप्या घातलेल्या कष्टकऱ्यांची गर्दी. दोरे ठोकळ्यावर चित्र काढून द्यायचा. ते कोरायचे पॅनमेकर, पिझाँ यांच्यासारखे कसबी कारागीर. त्या गर्दीकडे बघताना चितारी मागे पडतो आणि ठोकळ्यावर वाकलेला कोरणारा दिसू लागतो. गालाचं एक हाड उजळायचं तर किती रेघा, आणि त्यातली एकही पुसता येत नाही.

पण माझा जीव गुंतला आहे तो चेरिंग क्रॉसच्या नॉर्दर्न लाइनच्या फलाटांवर. १९७९ मध्ये डेव्हिड जेंटलमनने इथल्या भिंती लाकडी ठशांनी भरून टाकल्या. मूळ ठोकळे हातात मावतील असे लहान. त्यांचे छाप कित्येक पटींनी मोठे करून फलाटभर, शंभर मीटर लांब पसरवले. टपालाच्या तिकिटांची चित्रं काढणारा हा माणूस. नखाएवढ्या जागेत अख्खा देखावा बसवायची सवय असलेल्या हाताला एवढी लांबलचक भिंत पेलली, याचं मला फार अप्रूप आहे.

विषय तेराव्या शतकातला. १२९० मध्ये राणी एलिनॉर वारली. तिचा मृतदेह लंडनला आणताना वाटेत जिथे जिथे मुक्काम पडला, तिथे तिथे राजा पहिल्या एडवर्डने दगडी क्रॉस उभारले. एकूण बारा, शेवटचा चेरिंगला. जेंटलमनने मात्र भिंत दिली ती क्रॉस बांधणाऱ्यांना. खाणीतून दगड काढणारे, तो घडवणारे पाथरवट, सुतार, चुना कालवणारे, परांचीवर चढलेले गवंडी. माणसं जवळपास आपल्याच उंचीची. गाडीची वाट बघणारी बाई बाकावर टेकते तेव्हा तिच्या खांद्यामागे कोणीतरी हातोडा उगारलेला असतो.

जवळ जाऊन एकच रेघ बघावी. कागदावर केसाएवढी असती, इथे बोटाएवढी झाली आहे. कोरणी लाकडात शिरली तिथे निमुळती, मनगटाचा जोर आला तिथे रुंद, उचलली तिथे पुन्हा टोकदार. दगड फोडणाऱ्याच्या दंडावर अशा रेघा ओळीने आहेत. त्याच्या हाताचा जोर आणि कोरणाऱ्याच्या हाताचा जोर एकाच जागी दिसतो. छायाचित्रात किंवा रंगवलेल्या भित्तिचित्रात हे साधलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

राणीच्या चेरिंगच्या क्रॉसचे हिशेब टिकून आहेत. काम रिचर्ड ऑफ क्रंडेलने हाती घेतलं आणि त्याच्यामागे रॉजर ऑफ क्रंडेलने पुरं केलं, इतकं त्यातून कळतं. मुख्य गवंड्यांची नावं राहिली. दोर ओढणाऱ्यांची आणि घमेली वाहणाऱ्यांची कोण लिहून ठेवणार? या भिंतीवर त्यांना निदान चेहरे मिळाले. क्रॉस स्वतः १६४७ मध्ये पार्लमेंटच्या हुकमाने पाडला गेला. वर स्थानकाच्या अंगणात आज उभा आहे तो १८६५ च्या सुमाराचा, व्हिक्टोरियन काळातला.

लंडनला नात्यातलं कोणी आलं की मी त्यांना आधी खाली फलाटावर नेतो आणि पाथरवट दाखवतो. वरचा क्रॉस मग, वेळ उरला तर.