लांब दांड्याचा झारा आणि मणक्यातली गादी

मुलांकडे अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला चार-सहा महिने राहायला जाणारे बरेच पेशंट निघण्याआधी मला भेटून जातात. गोळ्या किती न्यायच्या, विमानात पाय सुजतील का, हे प्रश्न ठरलेले असतात. हल्ली त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "डॉक्टर, जावयाने मेटल डिटेक्टर घेतलाय. रविवारी समुद्रावर जाऊन वाळूत नाणी शोधतो. मीही जातो बरोबर. पण खणायला वाकावं लागतं, चालेल का?"

याचं उत्तर 'चालेल' किंवा 'नाही चालणार' इतकं छोटं नाही. कशाने खणणार, यावर ते अवलंबून आहे. म्हणून आजचा लेख औषधावर नाही, एका अवजारावर आहे.

मला हे अवजार माहीत झालं ते माझ्या थोरल्या भावामुळे. दादा फ्लोरिडातल्या मेलबर्नला राहतो. वय अडुसष्ट, निवृत्त मेकॅनिकल इंजिनियर. तीन वर्षांपूर्वी त्याची कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली आणि ऑपरेशन करावं लागलं. ऑपरेशन छान झालं, पण नंतर भीतीने तो घराबाहेर पडेना. फिरायला जा म्हटलं की कंटाळा. मग त्याच्या मुलाने डिटेक्टर आणून दिला आणि हाच माणूस पहाटे उठून वाळूत चार-चार किलोमीटर चालू लागला. त्याच्या घरापासून दक्षिणेला सेबॅस्टियन इनलेट आहे. 1715 च्या जुलैअखेरीस चांदी-सोनं घेऊन निघालेली अकरा स्पॅनिश जहाजं त्या किनाऱ्यालगत वादळात बुडाली. मोठं वादळ झालं की अजूनही एखादं नाणं वाळूत वर येतं. दादाला आजवर शीतपेयांच्या डब्यांच्या कड्या, मासे पकडायचे गळ, सुटी नाणी आणि एक चांदीची अंगठी मिळाली आहे. स्पॅनिश काही नाही. पण चालणं मिळालं. अशा माणसाला 'हे बंद कर' म्हणणं डॉक्टरला सोपं असतं. माझ्या मते तो सल्ला वाईट.

आता अवजार कसं असतं ते सांगतो. इंग्रजीत त्याला सँड स्कूप म्हणतात. बुंदी पाडायचा झारा डोळ्यांसमोर आणा. तो वाकवून छोट्या बादलीसारखा केला, तोंडाला धारदार कड दिली आणि मागे फावड्यासारखा लांब दांडा बसवला, की झालं. डिटेक्टर वाजला की त्या जागी हे वाळूत घुसवायचं, भरून काढायचं आणि हलवायचं. वाळू भोकांतून गळून जाते, वस्तू आत राहते. आखूड मुठीचंही मिळतं आणि ते स्वस्त असतं. कोरड्या मऊ वाळूत मांडी घालून बसणाऱ्या तरुणाला ते पुरतं. कंबर दुखणाऱ्यांनी मात्र ते हातातसुद्धा धरू नये.

का, ते हिशेबाने पाहू. ओली वाळू लिटरला साधारण दोन किलो भरते. दोन लिटरच्या बादलीत चार किलो वाळू आणि स्टीलच्या अवजाराचं स्वतःचं वजन तीनेक किलो, म्हणजे सात किलो. हे फार वाटत नाही. पण तुम्ही कंबरेत वाकून हात पुढे केले की ते वजन मणक्यापासून अर्धा मीटर लांब जातं. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. दहापट अंतर, म्हणून दहापट जोर. सात किलोसाठी सत्तर किलोचा ताण, शिवाय तुमच्या धडाचं वजन वेगळंच. हा सगळा दाब खालच्या दोन गाद्यांवर येतो. त्यात वाकलेल्या अवस्थेतच वळून वाळू बाजूला टाकली, तर गादीचं बाहेरचं कडं पिळलं जातं. गादी फाटायला याहून सोयीची स्थिती नाही. दादा एका सकाळी तीस-चाळीस वेळा खणतो. तुम्हीच गुणाकार करा.

पहाटेचं एक वेगळंच आहे. रात्री आडवं पडल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात वाकणं दिवसभरातल्या वाकण्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं. ओहोटी पहाटे असली की ही मंडळी अंथरुणातून थेट किनाऱ्यावर. म्हणून दादाला मी सांगून ठेवलं आहे, पहिला अर्धा-पाऊण तास नुसतं चालायचं. डिटेक्टर वाजला तर जागेवर पायाने फुली मारायची आणि परतताना खणायचं. "तोवर भरती आली तर?" असं तो विचारतो. आली तर आली.

लांब दांड्याने हे सगळं गणित बदलतं. तुम्ही उभे राहता, पाय बादलीच्या मागच्या पट्टीवर ठेवता आणि शरीराचं वजन टाकता. कड खाली जाते. मग दांडा आपल्याकडे ओढायचा. बादलीची टाच वाळूवर टेकू होते आणि तरफ तयार होते. मीटरभर दांडा आणि वीस-पंचवीस सेंटिमीटरची बादली, म्हणजे तुम्ही दहा किलोचा जोर लावलात तर कडेला चाळीस-पन्नास किलोचा मिळतो. काम पायाने आणि लोखंडाने करायचं, कंबरेने नाही.

पण इथेच 'टिकाऊ' या शब्दाचा खरा अर्थ लागतो. तरफेचा सगळा जोर एकाच जागी एकवटतो: दांडा आणि बादली जिथे जोडलेली असतात तिथे. दादाचं पहिलं स्वस्तातलं अवजार तिथेच तुटलं. गुडघाभर पाण्यात त्याने मागे ओढलं, वेल्डिंग सुटलं आणि तो माकडहाडावर आपटला. खाली वाळू होती म्हणून महिनाभर गोल उशीवर बसण्यावर निभावलं. या वयात मागे पडणं म्हणजे काय, हे खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्यांच्या घरी विचारा. म्हणजे अवजार मजबूत हवं ते पैसे वाया जाऊ नयेत म्हणून नाही, आपण पडू नये म्हणून.

तेव्हा विकत घेताना आधी तो जोड पाहा. दांडा बादलीला नुसता टेकवून वेल्ड केलेला नको. तो एका जाड नळीत आत शिरलेला हवा आणि दांड्यापासून बादलीपर्यंत एक तिरपा आधार हवा, भिंतीतल्या फळीखाली ब्रॅकेट असतं तसा. वेल्डिंगची रेघ सलग हवी, टाके घातल्यासारखी तुटक नको. पाय ठेवायची पट्टी तळव्याएवढी रुंद हवी. अरुंद पट्टी बुटातूनही टोचते, आणि ज्यांची टाच आधीच दुखते त्यांना ते दोन दिवसांत कळतं.

धातूवरून आम्हा दोघा भावांचा वाद झाला. दादाचा कल ॲल्युमिनियमकडे होता, कारण ते हलकं. कोरड्या वाळूत ते खरंच बरं. पण भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात वाळू घट्ट बसलेली असते, शंख-दगड असतात, तिथे ॲल्युमिनियमची कड वाकते. कड वाकली की जोर जास्त लागतो आणि तो शेवटी कंबरेतूनच येतो. जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड वाळूने घासलं जाऊन गंजतं. म्हणून स्टेनलेस स्टील. त्यात 304 आणि 316 असे दोन प्रकार प्रामुख्याने मिळतात. 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खारं पाणी ते जास्त सोसतं. मोडलेल्या हाडाला बसवायच्या स्टीलच्या प्लेटी आणि स्क्रू याच कुळातले. शरीरातलं पाणीही खारटच की! आणखी एक नियम आमच्या ऑपरेशन थिएटरमधला: दोन वेगळे धातू शक्यतो एकमेकांना लावू नयेत. खाऱ्या पाण्यात त्यांची छोटी बॅटरीच तयार होते आणि एक धातू झिजत जातो. स्टीलच्या बादलीला ॲल्युमिनियमचा दांडा असेल, तर पहिल्यांदा गंज त्या जोडापाशीच चढेल.

दांडा कार्बन फायबरचा घेतला तर वजन बरंच वाचतं आणि तो गंजत नाही. महाग असतो आणि चीर पडली की त्याच्या कुसळी हातात घुसतात. तरीही ज्यांचा खांदा किंवा मनगट कमजोर आहे त्यांनी पैसे इथे घालावेत असं मला वाटतं. लाकडी दांडा पाण्याने फुगतो, पण मोडला तर कुठल्याही दुकानातून दुसरा आणता येतो.

भोकं एक सेंटिमीटरच्या आसपास असतात. त्याहून मोठी असली तर वाळू पटकन गळते, पण कानातल्या कुड्या गेल्या. बादलीही फार मोठी घेऊ नका. एका खेपेत जास्त वाळू म्हणजे जास्त वजन. पाण्यात असाल तर बादली पाण्याखालीच हलवा, वाळू वाहून जाईल आणि वर येईल ती जवळजवळ रिकामी. कोरड्यात असाल तर भरलेली बादली उचलू नका, तिथेच उपडी करून पायाने पसरा आणि त्यावरून डिटेक्टर फिरवा. आणि खड्डा बुजवा. मागून धावत येणाऱ्या मुलाचा पाय मुरगळतो. वाळूत खोल खड्डे खणून त्यात उतरणारी मुलं बाजू ढासळून गुदमरली आहेत, हेही लक्षात ठेवा.

मधुमेह असेल, तळपाय बधिर असतील, तर अनवाणी जाऊ नका. गळ रुतलेला रात्री मोजे काढताना कळतो. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलेलं नसेल तर निघण्याआधी घ्या. आणि अंगावर उघडी जखम असेल तर समुद्रात उतरूच नका, विशेषतः लिव्हरचा आजार असणाऱ्यांनी. फ्लोरिडासारख्या उबदार खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जंतू असतात. जखमेतून ते शिरले तर काही तासांत पाय सुजून लालकाळा पडतो आणि जीवावर बेततं. अशी सूज दिसली तर सकाळची वाट पाहू नका. पेसमेकर असलेल्यांनी डिटेक्टर हातात घेण्याआधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं.

परत येताना डिटेक्टर घेऊन येणाऱ्यांसाठी एक सूचना, वैद्यकीय नाही. आपल्याकडे 1878 चा कायदा आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

राहिली दांड्याची लांबी. ती तुमच्या उंचीवर ठरते, आणि ती इथेच मोजून जाता येते. घरात बूट घालून ताठ उभे राहा. जमिनीपासून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंतची उंची कुणाकडून तरी मोजून घ्या. माझी उंची 168 सेंटिमीटर आहे, माझं हे माप 118 आलं. बादली वीस सेंटिमीटर वाळूत गेली की दांड्याचं टोक बेंबीपाशी येतं आणि कोपर जरासं वाकवून, कंबर सरळ ठेवून ओढता येतं. तो आकडा मुलाला किंवा जावयाला फोनवर कळवा. विक्रेत्याने दिलेली लांबी बादलीसकट आहे की नुसत्या दांड्याची, हे मागवण्याआधी त्याला विचारायला सांगा.