चावडीवरचा नियम

"सर्वांसाठी खुले" अशी पाटी लावली म्हणून कोणतीही जागा खुली होत नाही. दार कधी उघडते, आत जाताना काय विचारतात, आत गेल्यावर कोणाला बोलता येते आणि कोणाला नुसते ऐकावे लागते, हे बारीक नियम पाटीवर लिहिलेले नसतात. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. ठराव एक आणि वहिवाट दुसरी, हे आपल्या घराघरांत माहीत आहे.

आज ज्या जागेबद्दल मी लिहीत आहे ती तळ्यासारखी डोळ्यांनी दिसत नाही. ती संगणकात आणि आपल्या मुलांच्या हातातल्या मोबाईलमध्ये आहे. तिचे नाव मराठी विकिपीडिया. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, हा ज्ञानकोश सुरू झाला. तो पगारी पंडितांनी लिहिलेला नाही. ज्याला वाचता-लिहिता येते आणि पुरावा देता येतो, त्याने त्यात भर घालावी अशी त्याची रीत आहे. शाळेतले पोर गृहपाठ करताना आज पहिल्यांदा तिथेच जाते. मग तिथे आपला इतिहास कोण लिहितो, हा प्रश्न आपल्या घरचा आहे की नाही?

मी खडकीच्या कारखान्यात लेथवर आयुष्य काढले. इंटरनेटशी माझा संबंध नातवंडांपुरता. गेल्या वर्षी माझ्या पुतणीने ताडीवाला रोड भागातल्या एका अभ्यासिकेत रविवारी मुलांना विकिपीडियावर लिहायला शिकवायचे ठरवले. मला म्हणाली, "काका, तुम्ही पण या. जुन्या तारखा, जुनी नावं तुम्हालाच ठाऊक. पोरं विचारतील." १४ मुले-मुली आल्या. कोणाची आई धुणी-भांडी करते, कोणाचा बाप रिक्षा चालवतो. एका मुलीने १९२९ सालच्या पर्वती सत्याग्रहावर लिहायला घेतले. दुसरीने शिवराम जानबा कांबळे आणि त्यांनी १९०८ साली काढलेल्या 'सोमवंशीय मित्र'वर. मी तारखा सांगत होतो, पण माझे लक्ष दुसरीकडेच लागले होते.

पुतणी फोनवर कोणाशी तरी बोलताना "सेटिंग, सेटिंग" म्हणत होती. हा शब्द मला चांगला ओळखीचा. आमच्या शॉपमध्ये मशीन चालवणारा वेगळा आणि मशीन लावून देणारा सेटर वेगळा. सेटरने माप जसे बसवले तसा दिवसभर प्रत्येक जॉब निघणार. चालवणारा कितीही मन लावून काम करो, सेटिंग चुकले तर सगळा माल रिजेक्ट. आणि गंमत अशी की पाहुणा आला तर त्याला चालवणारा दिसतो, सेटर दिसत नाही. म्हणून मी तिला विचारले, "बाई, या तुमच्या विकिपीडियाचा सेटर कोण?"

तिने जे सांगितले आणि नंतर मी जे शोधून वाचले, ते वाचकांनाही समजावे म्हणून लिहितो.

विकिपीडिया ३०० हून अधिक भाषांत आहे. शिवाय विकिस्रोत आहे, विक्शनरी आहे. या सगळ्यांच्या मागे एकच सॉफ्टवेअर चालते, त्याचे नाव मीडियाविकी. यंत्र एक, पण प्रत्येक भाषेची गरज वेगळी. म्हणून सेटिंगच्या फायली ठेवलेल्या आहेत. त्यात प्रत्येक बाबीसमोर आधी सर्वांसाठी एक मूळ नियम लिहिलेला असतो. त्याच्या खाली, ज्या भाषेची गरज वेगळी आहे तिचे नाव आणि तिच्यापुरता वेगळा नियम. ज्यांचे नाव तिथे नाही त्यांना मूळ नियम लागू. मराठीच्या चर्चापानावर सही केली की पुढे भारतीय वेळ उमटते आणि आकडे देवनागरीत येतात. हे आपोआप झालेले नाही, कोणीतरी ते तसे बसवले आहे. पसंतीच्या पानावर आणखी एक सोय आहे. सॉफ्टवेअरने तुमचा उल्लेख 'तो' म्हणून करावा की 'ती' म्हणून, हे तुम्हीच सांगायचे. जर्मन विकिपीडियावर तर बाईच्या पानाचे नावच स्त्रीलिंगी होते. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला यात काय अडचण आहे ते कळणार नाही. मराठीत मात्र "त्याने लिहिला" म्हटले की लिहिणारी मुलगी दिसेनाशी होते.

आता मुद्द्याची गोष्ट. या फायलींत एक आकडा आहे ६. एका इंटरनेट पत्त्यावरून एका दिवसात ६ पेक्षा जास्त नवीन खाती उघडता येत नाहीत. नियमाचे कारण रास्त आहे. एखादा उपद्रवी माणूस शेकडो खोटी खाती काढून लेख नासवतो, शिवीगाळ करतो, त्याला आळा हवा. परंतु हा नियम कोणाला आडवा येतो ते पाहा. बंगल्यात राहणाऱ्या चार माणसांच्या घरी स्वतःचे कनेक्शन. त्यांना हा आकडा कधी दिसणारही नाही. आमच्या अभ्यासिकेत १४ लेकरे आणि वायफाय एक. यंत्राच्या दृष्टीने ती १४ माणसे नाहीत, एकाच पत्त्यावरून येणारा १४ वेळचा संशय आहे. सहावी मुलगी आत आणि सातवी दाराबाहेर! मोबाईलचे इंटरनेट वापरले तरी हमी नाही, कारण मोबाईल कंपन्या पुष्कळदा हजारो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात.

आपण चाळीत आणि वस्तीत वाढलेली माणसे. वीस घरांत एक नळ म्हणजे काय हे आपल्याला सांगावे लागत नाही. एका नळाला दिवसाला सहा हंडे, असा नियम केला तर कागदावर तो सर्वांना सारखाच असतो. पण ज्याच्या घरात स्वतःचा नळ आहे त्याला सहा हंडे पुरून उरतात, आणि ज्या नळावर वीस घरांची रांग आहे तिथे चौदा बायका रिकाम्या हंड्याने परततात. नियम करणाऱ्याच्या मनात पाप नव्हते. त्याच्या डोळ्यांसमोर रांग नव्हती, एवढेच.

आमच्या रविवारी मात्र एकही मूल दाराबाहेर राहिले नाही. कारण पुतणीने आठवडाभर आधी अर्ज केला होता. अमुक तारीख, अमुक ते अमुक वेळ, अभ्यासिकेचा इंटरनेट पत्ता, येणाऱ्यांची संख्या आणि काम कोणत्या भाषेच्या विकिपीडियावर होणार, एवढेच लिहून द्यायचे. त्यासाठी शिक्का लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही, चहापाणी लागत नाही. फॅब्रिकेटर नावाच्या जागी हा अर्ज सर्वांना दिसेल असा ठेवला जातो. एक माणूस फाईलमध्ये त्या दिवसापुरता अपवाद लिहितो, दुसरा ते लिखाण तपासतो, मग ते चालू होते. अपवादाला मुदत असते, ती संपली की पुन्हा मूळ नियम. दुसराही मार्ग आहे. ज्यांना खाती उघडून देण्याचा अधिकार आहे असे जाणते सदस्य शिबिराला हजर असतील तर तेही मुलांची खाती काढून देऊ शकतात.

हे ऐकून मला बरे वाटले आणि वाईटही. बरे यासाठी की दार उघडते. वाईट यासाठी की ते ठोठावायचे कुठे हे किती जणांना ठाऊक आहे? ज्या मास्तरांना ठाऊक नाही त्यांच्या वर्गातली सातवी मुलगी "आपल्यालाच जमत नाही" असे म्हणून घरी जाईल. यंत्राने दिलेला नकार गरिबाचे पोर स्वतःच्या अंगावर घेते, हा माझा अनुभव आहे. नकार आला की आधी विचारावे, हा नियम आहे की माझी चूक? आणि नियम असेल तर तो कोणी लिहिला आहे?

मला सर्वांत जास्त आवडले ते हे की या सेटिंगच्या फायली कुलपात नाहीत. जगातला कोणीही त्या उघडून वाचू शकतो. कोणत्या ओळीत कोणी, कधी आणि कशासाठी बदल केला याची नोंद तिथेच राहते. पासवर्ड वगैरे गुप्त बाबी वेगळ्या ठेवलेल्या असतात, आणि त्या ठेवल्याच पाहिजेत. पण नियम उघडा. सरकारी कचेरीत "वरून आदेश आहे" हे वाक्य ऐकत ज्यांची उमर गेली, त्यांना या उघड्या फाईलची किंमत कळेल.

एखाद्या भाषेच्या साइटचे सेटिंग कायमचे बदलायचे असेल तर मात्र एकट्याच्या अर्जाने होत नाही. त्या भाषेत लिहिणाऱ्यांनी आधी आपसांत चर्चा करायची, सहमती करायची आणि तिचा दाखला अर्जाला जोडायचा. मराठी विकिपीडियावर ही चर्चा ज्या पानावर होते त्याचे नाव ऐकून मी दचकलो. त्याचे नाव आहे चावडी. माझे आजोबा गावच्या चावडीच्या पायरीखाली उभे राहून निरोप घेत असत. पायरी चढणे त्यांच्या वहिवाटीत नव्हते. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांच्या मनात गावाची एकत्र बसण्याची जागा असेल, त्यांना मी दोष देत नाही. पण हे नाव आपल्या कानाला वेगळे लागते, हेही खरे. या चावडीला पायरी नाही. जो येऊन लिहितो त्याचे म्हणणे विचारात घेतले जाते. जो येत नाही त्याच्या वाटचा निर्णय आलेले लोक घेतात. तिथे फार गर्दीही नसते. मोजकी माणसे बोलतात आणि नियम सर्वांना लागतो.

कुलपांचेही तसेच. ज्या लेखावर वारंवार हल्ले होतात त्याला प्रचालक कुलूप लावतात. प्रचालक म्हणजे सदस्यांतूनच निवडलेला, जास्त अधिकार असलेला सदस्य. इंग्रजी विकिपीडियावर बाबासाहेबांच्या लेखाला कुलूप आहे, नवख्याला तिथे थेट बदल करता येत नाही. तिथल्या साध्या कुलपासाठी खाते ४ दिवसांचे आणि १० संपादनांचे असावे लागते, मोठ्या कुलपासाठी ३० दिवस आणि ५०० संपादने. या कुलपामुळे विटंबना करणारा बाहेर राहतो. पण आपला नवा, उत्साही मुलगाही बाहेर राहतो. त्याने रागावून जाऊ नये. लेखाच्या चर्चापानावर पुराव्यासह सूचना लिहावी आणि इतर लेखांवर काम करत आपला हक्क कमवावा.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितले होते की घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे चांगले नसतील तर ती वाईटच ठरेल. त्याच भाषणात, भिक्खू संघाला ठराव, गणसंख्या आणि मतदानाचे नियम माहीत होते, याची त्यांनी आठवण दिली. एका साइटच्या सेटिंगची तुलना देशाच्या घटनेशी करण्याइतका मी भोळा नाही. परंतु नियम वाचणे, त्यावर बोलणे आणि तो राबवताना हजर राहणे ही सवय लहान जागेतच लागते.

म्हणून पालकांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना काही सूचना कराव्याशा वाटतात.

१) विहारात, अभ्यासिकेत किंवा शाळेत असे शिबिर घ्यायचे असेल तर किमान आठवडाभर आधी खात्यांच्या मर्यादेतून सूट मागावी. जमल्यास मुलांनी आपापल्या घरूनच आधी खाते उघडून यावे.

२) खात्याच्या नावात मुलीचे पूर्ण नाव, जन्मसाल किंवा फोन नंबर घालू नये. टोपणनाव चालते. लिहिलेले सर्वांना दिसते आणि जुन्या नोंदी राहतात.

३) खात्याला ई-मेल जोडून ठेवावा. पासवर्ड विसरला तर तोच आधार. पासवर्ड मैत्रिणीलाही सांगू नये.

४) मराठी टंकता येत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. साइटवरच 'अक्षरांतरण' निवडले की इंग्रजी कळांनी मराठी उमटते.

५) पुराव्याशिवाय लिहू नये. घरातली जुनी पुस्तके, स्मरणिका, साप्ताहिकांचे अंक रद्दीत घालू नयेत. उद्या तोच पुरावा आहे.

६) महिन्यातून एकदा चावडीचे पान उघडून वाचावे. पटले तर पाठिंबा लिहावा, पटले नाही तर कारण देऊन सभ्य भाषेत विरोध लिहावा.

आपल्या मुलांना मोबाईल वापरायला शिकवावे लागत नाही, ती आपल्यालाच शिकवतात. त्यांना शिकवायचे आहे ते एवढेच, की पडद्यावर जे दिसते त्याच्या मागे कोणीतरी माप बसवलेले आहे. ते माप विचारता येते, वाचता येते आणि दहा जणांनी मिळून बदलताही येते. यंत्र चालवणारे हात आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या झाले. आता यंत्र लावून देणारेही आपल्यातून झाले पाहिजेत.